मदत हवी आहे: मुलीच्या कॉलेजची तयारी कुठून सुरू करू?

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. मुलगी दहावीत आहे, कॉलेजला अजून 2 वर्षं आहेत म्हणून मी निवांत होते, पण परवा तिच्या मैत्रिणीच्या आईशी बोलले आणि पोटात गोळाच आला, त्यांनी म्हणे फॉर्मच्या तारखांची एक्सेल शीटपण करून ठेवलीये. आमच्याकडे दर आठवड्याला करिअर बदलतं, कधी आर्किटेक्ट, कधी सायकॉलॉजी, मधेच प्राण्यांची डॉक्टर.

माझी मेन अडचण विषयांची आहे. गणित तिला जमतं पण आवडत नाही, सोडायचं म्हणते. आता सोडलं तर आर्किटेक्चर, इकॉनॉमिक्स, डेटावालं काहीही, ही दारं बहुतेक ठिकाणी बंदच होतात ना? सायकॉलॉजीलासुद्धा पुढे स्टॅटिस्टिक्स येतंच, पण हे सांगितलं की तिला वाटतं आई घाबरवतेय. कुणी मुलांना हे भांडण न होता पटवलंय का? कसं?

दुसरं म्हणजे स्कॉलरशिप. बऱ्याच ठिकाणी तिची मुदत ॲडमिशनच्या आधीच संपते, मग शोधायला कधीपासून लागायचं? शिफारसपत्रासाठी शिक्षकांना किती आधी सांगावं, महिनाभर पुरतो का? आणि तो अर्जाचा निबंध... तिनेच लिहायचा हे मान्य, पण मी नुसतं शुद्धलेखन बघितलं तर चालतं ना, की तेही नको?

क्लास आणि काउन्सेलरच्या जाहिराती प्लीज टाकू नका. तुम्ही घरी काय केलंत तेवढं सांगा, चुकलं असेल तर आधी ते.