इंजिन बसलं की दोष मालकाचाच का?

सातारकर
परवा 'पाना१३' यांनी लिहिलं, "इंजिन आपोआप बसत नाही. दहातले नऊ मालक हलगर्जी असतात, उरलेला खोटं बोलतो." खाली टाळ्यांचा पाऊस. तर हा घ्या उरलेला.

२०२१ची डिझेल गाडी, बीएस६, म्हणजे धुराच्या कडक नियमांतली. प्रत्येक सर्व्हिस कंपनीच्याच वर्कशॉपला, शिक्क्यानिशी. वॉरंटी नुकतीच संपलेली. खंबाटकी चढताना तेलाचा लाल दिवा लागला, बाजूला घेईपर्यंत खालून ठोके, इंजिन जाम, आणि खेळ खलास. टो करून आणल्यावर डिपस्टिक मीच ओढली. तेल वरच्या खुणेच्याही वर, आणि त्याला चक्क डिझेलचा वास! पुढे ऑइल पॅन उघडला तर तळाशी बेअरिंगचा चंदेरी चुरा. एस्टिमेट साडेतीन लाख. कारण लेखी दिलंय, "अयोग्य वापर".

इंजिन उघडणार ते, कारण ठरवणार ते, बिल लावणारही तेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

पाना१३
शब्द मागे घेणार नाही. रोजचं रनिंग किती, ते लिहायचं शिताफीनं टाळलंत. घर ते ऑफिस, एवढंच ना? डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी, त्यातली काजळी जाळायला एक्झॉस्ट सहाशे डिग्रीच्या आसपास तापावा लागतो, त्यासाठी इंजिन जादा डिझेल मारतं. तुम्ही मधेच गाडी बंद केलीत की काम अर्धवट राहतं आणि ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. असं वारंवार झालं की तेल पातळ होतं, बेअरिंग जातं, क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा पकडतो. डीपीएफचा पिवळा दिवा लागलाच असणार. लोक त्यावर गणपतीचा स्टिकर लावून मोकळे होतात.

सातारकर
ऑफिस सहा किलोमीटर. हेच शोरूममध्ये सांगितलं होतं. उत्तर मिळालं, "सर, डिझेलच घ्या, पैसे वसूल." तेव्हा डीपीएफ हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही, आता मात्र मॅन्युअलचं पान दाखवतात. आणि दिवा लागला होता, प्रत्येक वेळी गाडी वर्कशॉपला नेली. स्कॅनर लावून दिवा घालवला, "हायवेला एक चक्कर मारा" म्हणाले. तेल बदलायचं कुणाला सुचलं नाही. ह्यात माझा हलगर्जीपणा कुठे, तेवढं दाखवा.

मायलेज_मास्तर
सगळ्याचं मूळ ई२०, पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल! नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलंय, ई१०साठी, म्हणजे दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ६-७ टक्के घटणार. एप्रिल २०२३च्या आधीच्या, ई२०साठी न बनवलेल्या गाड्यांच्या रबरी नळ्यांचं काय? पंपावर बिनइथेनॉलचा पर्याय ठेवा म्हणून याचिका झाली, सप्टेंबर २०२५मध्ये सुप्रीम कोर्टानं फेटाळली. कंपनी सरकारकडे बोट दाखवणार, सरकार कंपनीकडे.

पाना१३
मास्तर, त्यांची गाडी डिझेल आहे.

मायलेज_मास्तर
प्रश्न तत्त्वाचा आहे. उसापासून इथेनॉल करणाऱ्या साखर कारखानदारांची चैन आमच्या टाकीतून चाललीय.

उसाचं_रान
आलं का शेवटी उसावर! गाडी खंबाटकीत बंद पडली तरी दोष कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा. मास्तर, निम्म्याहून जास्त इथेनॉल आता धान्यापासून येतं, त्यात मका आला. आणि डिसेंबर २०२३मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका फटक्यात बंदी घातली, आठवड्याभरात थोडी सैल केली. त्या गोंधळात कारखान्याकडचं आमचं उसाचं बिल लटकलं, मुलीची फी सोसायटीतून कर्ज काढून भरली. कसली चैन?

मायलेज_मास्तर
फीचं वाईट वाटतं. पण ऊस पाणी किती पितो ते मराठवाड्यात येऊन विचारा. आमच्याकडे टँकर येतो.

उसाचं_रान
टँकर कुणाचे असतात तेही विचारा! आणि चहात साखर घालणं बंद करा, मग बोलू.

मुक्काम_ह्यूस्टन
उसातून बाहेर या जरा. अमेरिकेत ह्युंदाई-कियाच्या थीटा २ इंजिनांचं हेच झालं होतं. क्रँकशाफ्ट मशिनिंगचा कचरा आत राहिला, रॉडचे बेअरिंग गेले, २०१५पासून रिकॉल, म्हणजे कंपनीनं गाड्या परत बोलावल्या. कंपनीच्याच एका इंजिनिअरनं आतली कागदपत्रं बाहेर आणली, त्याला २०२१मध्ये २.४ कोटी डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं. खटल्याच्या तडजोडीत मालकांना इंजिनच्या त्या भागाची आजीवन वॉरंटी मिळाली. तोवर तिथेही सर्व्हिसची बिलंच मागत होते.

पाना१३
तो कारखान्यातला दोष होता. इथे वापर चुकलाय. आणि तिकडून सल्ले देणं सोपं असतं.

तारीख_पे_तारीख
वापर चुकला हे ठरवलं कुणी? वर्कशॉपनंच ना? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे. वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचे इशारे दिले नसतील तर तेही त्यात येतं. कलम ३८खाली जिल्हा ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून इंजिन त्यांना जोडू देऊ नका, सुटे भाग सोडू नका, तेल सील करून ठेवा. रिकॉलची वाट बघू नका. मोटार वाहन कायद्याचं रिकॉलचं कलम ११०ए प्रामुख्यानं सुरक्षितता आणि पर्यावरणाच्या दोषांसाठी आहे, एकट्याच्या इंजिनासाठी कुणी हलणार नाही. वकिलाचा खर्च धरा, वर्षं मोजू नका.

पाना१३
जॉबकार्डवर दिव्याची नोंद आहे का? असेल, आणि तरी त्यांनी तेल बदललं नसेल, तर तुमची बाजू उभी राहते. थोडीशी. माझ्या गॅरेजला आणली असती तर तेल आधी बदललं असतं.

सातारकर
आहे नोंद. तुमच्याकडे आणली असती तर वॉरंटी त्याच दिवशी रद्द केली असती. ती धमकी पहिल्या सर्व्हिसलाच मिळाली होती.

पाना१३
ते मात्र खरं. आमच्या पोटावरही तिथेच पाय येतो.

मायलेज_मास्तर
आता डिझेलमध्ये आयसोब्युटेनॉल, इथेनॉलचाच भाऊबंद, मिसळायचं चाललंय, गडकरीच म्हणालेत. तेव्हा म्हणू नका, "मास्तर, गाडी डिझेल आहे."

उसाचं_रान
मिसळू द्या की. तुमच्या टँकरला पण लागेल.