विमान कंपन्यांनी गोल्डच्या सवलती कापल्या, आता काय?

प्रेषक: ताई (अमळनेर)

राम राम मंडळी,
परदेशातून गावी जायच्या तिकिटांची वेळ आली आणि बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आहे. गोल्ड म्हणजे विमान कंपनी नेहमीच्या प्रवाशाला देते तो वरचा दर्जा. त्याच्या सवलती कापल्या, आणि तो मिळायची अट आता किती अंतर उडालो यावर नाही, किती खर्च केला यावर आहे. मग तीच विमान कंपनी धरून बसायचं का? साठलेल्या माइल्सचं, म्हणजे प्रवासावर मिळालेल्या आणि तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांचं, काय करायचं? नाना, आप्पा, जरा फोड करून सांगा.

प्रेषक: नाना (शिरपूर)

ताई, रागाच्या भरात कोणी खातं बंद करू नका, माइल्स बुडतील. आधी ते वापरून टाका. माइल्सवर व्याज मिळत नाही आणि त्यांचा भाव कंपनीच ठरवते. युनायटेडने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतःच्या विमानांसाठी कुठल्या प्रवासाला किती माइल्स लागतील याचा ठरलेला तक्ताच काढून टाकला. तेव्हापासून त्याच मार्गाला आज एक आकडा असतो, उद्या दुसरा.

ब्रिटिश एअरवेजच्या गोल्डला १ एप्रिल २०२५ पासून दर्जासाठीचे २०,००० गुण (हे माइल्सपेक्षा वेगळे) लागतात आणि पात्र खर्चाच्या एका पौंडाला एक गुण मिळतो. इकॉनॉमीने वर्षातून एकदा गावी जाणाऱ्याने त्या मागे लागूच नये.

आता हिशेब. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या गोल्डची आपल्या कामाची सवलत म्हणजे जादा सामान: नग मोजतात तिथे एक नग, वजन मोजतात तिथे २० किलो. पण ती फक्त कार्डधारकाला मिळते, बायकामुलांना नाही. समजा, गोल्डच्या कंपनीचं तिकीट माणशी १०० डॉलरने महाग आहे आणि घरातली चार माणसं जाणार आहेत. म्हणजे ४०० डॉलर जास्त गेले, आणि हाती आल्या जाता-येता मिळून दोन जादा बॅगा. त्या दोन बॅगा पैसे भरून ४०० च्या आत जात असतील, तर स्वस्त तिकीट घ्या.

दुसऱ्या कंपनीकडे स्टेटस मॅच, म्हणजे आपलं कार्ड दाखवून तिथेही तसाच दर्जा, मागायचा असेल तर घाई नको. जुनं कार्ड चालू असतानाच अर्ज करावा लागतो हे खरं, पण बरेच ठिकाणी ही संधी एकदाच मिळते आणि सुरुवातीची मुदत अनेकदा तीनेक महिन्यांचीच असते. फेब्रुवारीत मॅच घेतला आणि प्रवास जूनमध्ये, तर सगळं वाया. आधी तिकीट पक्कं करा, मग मॅच.

क्रेडिट कार्डाचे पॉइंट आधीच माइल्समध्ये वळवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. माइल्सवर मिळणारी सीट दिसल्याशिवाय वळवू नका, ते परत येत नाहीत.

प्रेषक: आप्पा (भुसावळ)

नानांचं पटतं, पण तक्रार करणं सोडू नका. डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये डायमंड या आपल्या सगळ्यात वरच्या दर्जाची अट ३५,००० पात्रता डॉलरवर (दर्जासाठी मोजला जाणारा खर्च) नेली. लोक चिडले, अलास्का आणि जेटब्लू त्यांना मॅच देऊ लागल्या, आणि ऑक्टोबरमध्येच डेल्टा २८,००० वर आली. तक्रारीत नुसता संताप नको. सभासद क्रमांक, वर्षाचा खर्च आणि कोणती सवलत गेल्यामुळे पुढचं तिकीट दुसरीकडे काढताय, एवढं लिहा.

आणि हिशेब मुंबईपर्यंत करून थांबू नका. गोल्डची जादा बॅग धरून २३ किलोच्या तीन बॅगा म्हणजे ६९ किलो. रेल्वेत थ्री एसीला माणशी ४० किलो मोफत, टू एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०. मुंबईहून जळगावला विमानाचं वेगळं तिकीट काढलं तर देशांतर्गत मर्यादा साधारण १५ किलोची, म्हणजे गोल्डने वाचवलेले पैसे तिथेच जातात. एकटा माणूस तीन बॅगा घेऊन थ्री एसीने येणार असेल तर जादा सामान गाडी सुटायच्या आधी पार्सल ऑफिसात नोंदवा.

परतताना बिबड्या आणि कुरडया वजनाला हलक्या, पण जागा फार खातात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटरच्या वर गेली की वजन कमी असलं तरी जादा पैसे लागतात, आणि गोल्डचा जादा नगही याच मापात बसवावा लागतो. खोकं बांधण्याआधी टेप लावून मोजा. कळण्याचं पीठ तळाशी, बिबड्या वर.