घडाचे मणी कमी करा
बेदाण्याच्या धंद्यासाठी गिंपमध्ये (फोटो-चित्रं करायचं फुकट सॉफ्टवेअर) द्राक्षाच्या घडाचा लोगो करायचाय म्हणता, तर माझी थोडी भर. कच्चं चित्र गिंपमध्ये खुशाल करा, पण शेवटचा लोगो इंकस्केपमध्ये (रेषा-आकारांनी चित्र काढायचं सॉफ्टवेअर) काढून त्याची एसव्हीजी फाइल जपून ठेवा; ती कितीही मोठी केली तरी स्वच्छच राहते. गिंपचं चित्र पिक्सेलचं, म्हणजे बारीक ठिपक्यांचं; फ्लेक्सवर मोठं केलं की धूसर नि खडबडीत दिसतं. आमच्या पंचवटीतल्या दुकानाच्या बोर्डावर पान कुठलं नि देठ कुठला कळेना! सहा मणी, एक पान, बस. रंग एकच. आधी काळ्या-पांढऱ्यात ३२ बाय ३२ पिक्सेलवर बघा; तेवढ्यात ओळखू येत नसेल तर आणखी मणी काढा. ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी रंगछटा), सावली नकोच. रबरी शिक्क्यावर त्याचा नुसता डाग उठतो.