'काही लागलं तर सांग' म्हणतात, पण लागतं तरी काय?

मुलुंडकरीण:

सासूबाईंना मार्चमध्ये स्तनाचा कॅन्सर निघाला. लाल औषधाच्या चार केमो झाल्या, आता दर मंगळवारी एक अशा बारा सुरू आहेत. आम्ही मुलुंडला, उपचार परळला. भेटेल तो 'काही लागलं तर सांग हं' म्हणतो आणि मीही 'हो हो' म्हणते. परवा नणंदेनं फोनवर विचारलं, "वहिनी, उगाच नको, खरं सांग. मी काय करू?" आणि माझी दातखीळच बसली. लागतं तर सगळंच, त्यातलं तिच्या पदरात काय टाकू?

म्हणून हा धागा. घरात कॅन्सर येऊन गेला असेल किंवा अजून असेल, तर कोणी नेमकं काय केलं म्हणून तुमचा भार हलका झाला ते लिहा. काढे, गव्हांकुरांचा रस, 'आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत' हे कृपा करून नको. ते सगळे फॉरवर्ड माझ्याकडे आहेत, काही तर दोनदोनदा.

सुरुवात मीच करते. केमोच्या दिवशी शेजारच्या काकू सकाळी सहाला दारात दोन डबे ठेवतात. एकात आईंसाठी मऊ खिचडी, दुसऱ्यात माझी पोळीभाजी. तो दुसरा डबा कोणालाच सुचला नव्हता. मलाही नाही.

चिंचपोकळीकर:

थोरल्या भावाचं सांगतो. गालाचा कॅन्सर, वीस वर्षांच्या तंबाखूच्या माव्याची कमाई. ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा गेला, तिथं मांडीचं मांस लावलं, मग तीस रेडिएशन. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. आई त्याला 'शेक' म्हणायची, पण शेक घेऊन बरं वाटतं, इथं उलटं. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून इतकं सोललं की पाणी गिळवेना, नाकातून नळी घालावी लागली.

नळीतून भरवायचं मी शिकलो. नाचणीची पातळ पेज, डाळीचं पाणी, दूध, सगळं मिक्सरमधून काढून दोनदा गाळायचं. एक कण राहिला तरी नळी तुंबते. दादाला बसवून हळूहळू द्यायचं, वरून पाणी सोडायचं, नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. तोंड उघडायचा व्यायाम आइस्क्रीमच्या काड्यांचा. दातांमध्ये काड्यांची चळत, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. ज्या दिवशी एक काडी वाढायची त्या दिवशी आमच्याकडे सण.

पण खरा आधार दिला त्याच्या लोकलमधल्या मित्रांनी. दर रविवारी चौघं यायचे आणि मेंढीकोट मांडायचे. दादाला बोलता येत नव्हतं, आणि पत्त्यांत बोलावं लागत नाही! कोणी 'कसं वाटतंय' विचारलं नाही. पहिल्या रविवारी एक जण तोंडात पुडी घेऊन आला होता, त्याला मी जिन्यातूनच परत पाठवला. पुढच्या रविवारी चूळ भरून आला.

काळीजकाळजी:

चिंचपोकळीकर, मेंढीकोट वाचून रडू आणि हसू दोन्ही आलं.

माझं छोटंसं. बहिणीच्या केमोनंतर नवव्या रात्री १००.८ ताप. जुलै, दीड वाजलेला, हिंदमाताला पाणी भरलेलं. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्यांना फोन केल्याशिवाय तापाची गोळीही द्यायची नाही, कारण ताप झाकला जातो. खालच्या मजल्यावरचा मुलगा टॅक्सी चालवतो. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, दार वाजवू नका, मिस्ड कॉल द्या, मी उठतो." शिवडीच्या बाजूनं फिरवून नेलं. 'केव्हाही सांग' आणि 'मिस्ड कॉल दे' यांत किती फरक असतो, त्या रात्री कळलं.

भीमाकाठ:

आम्ही सोलापूरचे. वडिलांना घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला आलो तेव्हा मुंबईत डोकं टेकायला जागा नव्हती. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली आणि पाच महिने निघाले. हॉस्पिटलमधून रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म मिळतो. स्लीपरमध्ये पेशंटला तिकीट माफ, सोबतच्याला पाऊण सवलत. इथल्या लोकलमध्ये कॅन्सरच्या पेशंटला अपंगांच्या डब्यातून जाता येतं, हे मला दोन महिन्यांनी एका अनोळखी माणसानं सांगितलं. तोवर अण्णांना गर्दीत चेपत नेत होतो.

मदत म्हणाल तर दोन. काळाचौकीच्या आतेभावानं घराची किल्ली दिली. "जेवायला ये" नाही म्हणाला, "आंघोळ कर, कपडे मशिनला टाक, झोप, निघून जा." यजमानांशी गप्पा मारायची ताकद नसते हो. दुसरी, गावाकडच्या मित्रानं अण्णांच्या रेशन कार्डावरचं नाव आधारशी जुळवून आणलं. जनआरोग्य योजनेचे कागद एका वेलांटीवर अडले होते. तो तीन दिवस रजा टाकून खेटे घालत बसला. मुंबईत नसलेल्या माणसालाही करण्यासारखं बरंच असतं.

टकलूहैवानीण:

सगळे सोबतीचे बोलतायत, आता पेशंटचंही ऐका. दोन वर्षं झाली उपचार संपून.

मला 'तू फायटर आहेस' ऐकलं की चादरीत तोंड घालावंसं वाटे. मी काही लढत नव्हते, मी उलट्या करत होते. नवरा म्हणाला, तुझ्यासोबत मीपण टक्कल करतो. म्हटलं बाबा रे, नको, घरात एक तरी डोकं बघण्यासारखं राहू दे. केस सोळाव्या दिवशी उशीवर आले. जाऊबाई काही न बोलता रोज उशीचा अभ्रा बदलायच्या. बास, एवढंच.

आणि जेवणाचा आग्रह! तोंडाला सगळं लोखंडासारखं लागे. स्टीलचा चमचा बंद करून लाकडी घेतला तेव्हा जरा बरं. कोकमाचं सार आणि गारगार दहीभात चालायचा, बाकी वासानंच नको. मी दोन घास खाऊन ताट सारलं की आईचा चेहरा पडायचा, मग तिच्यासाठी तिसरा घास खायचा आणि ओकायचा. शेवटी नवऱ्यानं ताटंच बंद केली, वाटी आणायला लागला. वाटी रिकामी होते. माझ्या आईलाही ते बरं वाटायचं.

मुलुंडकरीण, सासूबाईंना विचारलंत का, त्यांना काय हवंय?

गिरगावची:

बाबांचा बरा होणारा नव्हता. हेही इथं यावं म्हणून लिहितेय.

मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या तेव्हा काका म्हणाले, आता संपलंच, शिवाय व्यसन लागेल. पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना-त्रास कमी करणाऱ्या विभागाच्या डॉक्टरबाईंनी काकांनाच समोर बसवून समजावलं. दुखण्यापुरतं दिलं तर व्यसनाची भीती नसते, बद्धकोष्ठ मात्र होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. त्या रात्री बाबा सात तास झोपले. सकाळी उठून वडापाव मागितला. अर्धाच खाल्ला, पण मागितला!

वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, १९८६ पासून, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटना शेवटपर्यंत सांभाळणारी जागा. आम्ही चौकशी केली होती, पण बाबांना चाळ सोडायची नव्हती. भावानं एक काम केलं. रोज रात्री नऊला नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आणि खाली 'फोन करू नये'. आईला दिवसातून वीस वेळा तेच सांगायचं वाचलं. भेटायला सात ते साडेसात. काही माणसं रुसली. रुसू देत.

मुलुंडकरीण:

सगळ्यांचे आभार, एकेक उत्तर दोनदा वाचलं.

टकलूहैवानीण, विचारलं. खरं तर आधी विचारलंच नव्हतं. आई म्हणाल्या, "मंगळवारी तू नको येऊस, मुलगी येऊ दे. तुझ्यासमोर मला रडता येत नाही." मला वाईट वाटलं, आणि हायसंही वाटलं, त्याच क्रमानं.

नणंदेला मंगळवार दिला. रात्री नऊचा मेसेजही तीच टाकणार. काकूंना सांगायला गेले की पुढच्या मंगळवारी दुसरा डबा माझा नाही, तिचा. तर म्हणाल्या, "तिला तिखट चालतं ना?"