लाकडाच्या पॅटर्नसाठी पुस्तक घेऊ की मासिक? (आणि घड्याळ भोकात का बसत नाहीये)

नाशिकची भुसेवाली:

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या बोनसमधून शेवटी एकदाचं स्क्रोल सॉ मशीन घेतलं (बारीक पात्याची विजेची करवत, लाकडात नक्षी कापायची), १६ इंचीवालं, आणि गेले तीन महिने बाल्कनीत उद्योग चालू आहेत. घरचे म्हणतात आता पोह्यात पण भुसा लागतो. आत्तापर्यंत नेटवरचे फुकट पॅटर्न (लाकडावर चिकटवून कापायचे नमुन्याचे कागद) काढून कापत होते, सात-आठ झाले असतील, त्यातले तीन बरे आलेत, बाकीचे कपाटामागे आहेत. आता जरा नीट शिकायचंय तर प्रश्न असा की पैसे पुस्तकावर घालू की मासिकावर? बजेट तीन हजार, त्याच्या वर गेलं तर नवरा विचारेल. पुस्तकं बघितली तर एकेक विषयाची आहेत, म्हंजे नुसती घड्याळं, नुसती जनावरं, नुसते डबे. मासिकं सगळी बाहेरचीच, छापील मागवायचं तर टपालखर्चच अंकापेक्षा जास्त दिसतोय.

आणि जाता जाता दुसरा प्रश्न. टेबलावरचं छोटं घड्याळ करत होते, ते गोल मिनी घड्याळ असतं ना भोकात दाबून बसवायचं, ते ऑनलाइन मागवलं. पॅटर्नमध्ये १ ३/८ इंचाचं भोक लिहिलंय, मी रेघेवरून अगदी बरोब्बर कापलं, तर घड्याळ आत जातच नाही. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. माझं कापणं वाईट की घड्याळ चुकीचं आलंय?

रंधामास्तर:

ताई, आधी दुसरा प्रश्न घेतो कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. तुमचं कापणं ठीक आहे, घड्याळही ठीक आहे, घात प्रिंटरने केलाय. पॅटर्न अमेरिकन असणार, म्हणजे तो लेटर साइजच्या कागदासाठी काढलेला, लेटर म्हणजे २१६ बाय २७९ मिमी. आपला ए४ आहे २१० बाय २९७. रुंदी सहा मिमीने कमी पडते म्हणून ‘फिट टू पेज’ असलं की प्रिंटर गुपचूप सगळं ९७ टक्क्यांवर आणतो. हरीण-बिरीण कापताना कुणाच्या बापाला कळत नाही, पण ३५ मिमीचं भोक ३४चं झालं की घड्याळ बाहेर. प्रिंट काढताना ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ करा आणि पॅटर्नच्या कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन असेल तर आधी पट्टीने मोजा, मगच चिकटवा.

आणि घड्याळाचं भोक मशीनवर कापूच नका. १ ३/८ इंच म्हणजे ३४.९ मिमी, आणि किचनच्या कपाटाची ऑटो बिजागरी बसवायला सुतार जो बीट वापरतात तो ३५चा असतो. कुठल्याही फर्निचरवाल्याकडे जा, अर्ध्या मिनिटात पाडून देईल.

आता पुस्तक की मासिक. माझं मत पुस्तक, पण घेण्याआधी आत बघा पॅटर्न पूर्ण मापाचे आहेत का. पुष्कळ पुस्तकांत ‘१२५ टक्के मोठं करा’ असं बारीक अक्षरात असतं. झेरॉक्सवाल्याला टक्के सांगितले की तो करून देतो (ए४चं ए३ म्हणजे १४१ टक्के, हे त्यांना पाठच असतं), पण जाड पुस्तक काचेवर सपाट बसत नाही, बायंडिंगकडची रेघ वाकडी येते आणि नेमका तिथेच तुमचा जोड असतो. मी एका पुस्तकाचं बायंडिंग उकलून स्पायरल करून घेतलं, बायकोला वाटलं वेड लागलं.

अजून एक, जाडी. तिकडचा पॅटर्न पाव इंचाचा म्हणजे ६.३५ मिमी धरून खाचा काढतो, आपल्याकडे ६चा प्लाय मिळतो आणि तो मोजला की बऱ्याचदा साडेपाचच भरतो. खाच पॅटर्नवरून नाही, हातातल्या तुकड्यावरून आखायची. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही, डगमगणाऱ्या नॅपकिन स्टँडने सांगितलं.

एडिसनकर:

मास्तरांचं सगळं मान्य पण मासिकांवर अन्याय होतोय. मी इथे न्यू जर्सीत आहे, स्क्रोल सॉ वूडवर्किंग अँड क्राफ्ट्स घेतो, फॉक्स चॅपलवाल्यांचं, वर्षाला चारच अंक येतात. फायदा असा की एका अंकात एक डबा, एक जाळीकाम, एक खेळणं, एक इंटार्सिया (वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून केलेलं चित्र) असं सगळं थोडं थोडं मिळतं आणि तुम्हाला काय करायला आवडतं ते कळतं. तीन महिने झालेल्या माणसाने डायरेक्ट ‘साठ घड्याळं’ टाइप पुस्तक घेतलं आणि चौथ्या घड्याळाला कंटाळा आला तर? शिवाय पॅटर्नमध्ये चूक असली तर मासिकवाले पुढच्या अंकात दुरुस्ती छापतात, पुस्तकातली चूक पुढची आवृत्ती येईपर्यंत तशीच.

तोटा पण सांगतो. ऑक्टोबर जवळ आला की भोपळे आणि भुतं, मग टर्की, मग सांता आणि हिमकण. नाशिकला टर्की कापून काय करणार. अंकातले दोन-तीन पॅटर्न उपयोगी पडले तरी खूप. म्हणून छापील वर्गणीच्या भानगडीत पडू नका, एखादा डिजिटल अंक घेऊन बघा. इकडे लायब्ररीच्या सेलला जुन्या अंकांचे गठ्ठे किरकोळीत मिळतात, कोणी नातेवाईक येणार असेल तर बॅगेत चार अंक सहज बसतात, चकलीच्या डब्याच्या बदल्यात. फाइन वूडवर्किंग मात्र चुकून मागवू नका, १९७५ पासून चालू आहे आणि एक नंबर आहे पण ते फर्निचरवालं, तुमच्या मशीनला त्यात फारसं काम नाही.

डोंबिवली फास्ट:

पॅटर्न फुकट मिळतात हो ढिगाने. तो नेटवर फुकट पॅटर्न टाकणारा स्टीव्ह गुड, त्याचे बघितले नसतील तर बघा, आयुष्यभर पुरतील. तीन हजारांची पाती घ्या आणि एक चांगला मास्क. एमडीएफ कापताय ना बाल्कनीत?

नाशिकची भुसेवाली:

बापरे लेटर आणि ए४! लगेच जुना प्रिंट काढून मोजला, इंचाचा चौकोन पावणेपंचवीस मिमीपण भरत नाही, हवा होता २५.४. म्हणजे तीन महिने मी सगळंच लहान कापतेय.

@डोंबिवली फास्ट हो मास्क आहे, आणि स्टीव्ह गुडचेच कापतेय की. पण फुकटचं कसं होतं, शंभर फाइली उतरवून ठेवल्यात आणि रोज रात्री नुसतं बघत बसते कुठला करू. कोणीतरी हाताला धरून आधी हे कर मग ते कर असं सांगायला हवंय.

रंधामास्तर:

ते पुस्तकच सांगतं. मासिक सांगत नाही, त्याला माहीतच नसतं तुम्ही कितव्या अंकापासून आलात.

कोकणी फणस:

उशिरा आलो. दोन्ही बाजू वाचल्या, आता म्हाताऱ्याचं ऐका थोडं. माझ्या वडलांकडे हाताची फ्रेटसॉ (नक्षी कापायची बारीक पात्याची करवत) होती आणि इंग्लंडच्या हॉबीज नावाच्या साप्ताहिकाचे घडी घालून पिवळे पडलेले डिझाइनचे कागद होते. ते साप्ताहिक १८९५ साली सुरू झालं, अंकाबरोबर फ्रेटवर्कच्या, म्हणजे जाळीकामाच्या डिझाइनचा मोठा कागद फुकट यायचा. आणि कागद फुकट का, तर ते साप्ताहिक काढणारी तिथल्या डेरहॅम गावची कंपनीच करवती, पाती आणि लाकूड विकायची. डिझाइन फुकट, मग पाती संपली की यांच्याकडेच या. तेव्हा फुकटच्या पॅटर्नचं कौतुक नवीन नाही. वडलांनी त्या कागदांवरून एक चर्चच्या आकाराचा घड्याळाचा टॉवर केला होता, रत्नागिरीत, कौलारू घरात, त्यावर आमची आई हळदीकुंकवाची करंडी ठेवायची.

आता मुद्द्याचं. आपल्याला लागतं ते आपल्या घरातलं. देवघराची महिरप, तोरण, आकाशकंदिलाची बाजू, पावलं, मोर. ते ना त्या पुस्तकात आहे ना त्या मासिकात. मी काय करतो सांगू, रांगोळीचे छाप आणतो. ठिपक्यांच्या रांगोळीचं पुस्तक चालत नाही, कारण त्यातली रेघ बंद होते, कापायला गेलात की मधला गोळा गळून खाली. पण छाप म्हणजे आधीच भोकं पाडलेली जाळी, मधला भाग पडू नये म्हणून त्यात जोड सोडलेले असतातच. कुठलाही जाळीचा पॅटर्न म्हणजे तेच की. वीस रुपयाचा छाप, त्यावरून झेरॉक्स, हवा तेवढा मोठा करा, नाजूक जोड पेनाने जरा जाड करून घ्या आणि कापा. कमर्शियल प्लायवर नाजूक जाळी करू नका मात्र, आत पोकळ्या असतात, पातं तिथं गेलं की कपचा उडतो. बर्च प्लाय नाहीतर शिवणीची पातळ फळी.

दोन-तीन छाप झाले की स्वतःचे फर्मे काढायला लागाल. आमच्याकडे येणारा सुतार पुठ्ठ्याचे फर्मे खिळ्याला टांगून ठेवायचा, मागे गिऱ्हाइकाचं नाव आणि साल. त्याचं तेच पुस्तक.

एडिसनकर:

काका छापाची आयडिया भन्नाट आहे, आईला इथूनच लिस्ट पाठवतो. फक्त एक, तुम्ही पुढे प्रदर्शनात वगैरे वस्तू विकणार असाल तर पुस्तक किंवा मासिकाच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय ते वाचा. स्वतःपुरती झेरॉक्स काढा म्हणतात, पण त्या पॅटर्नच्या वस्तू विकायचं प्रत्येकाचं वेगळं असतं, कोणी चालतं म्हणतो, कोणी आधी विचारा म्हणतो.

डोंबिवली फास्ट:

विकणार कुठे, आधी कपाटामागचे तरी बाहेर येऊ देत 😀

नाशिकची भुसेवाली:

😀 त्यातलं एक घुबड आज सासूबाईंनी स्वतः बाहेर काढून टीव्हीवर ठेवलंय, काही बोलायचं नाही.

तर अपडेट. घड्याळ बसलं!! खालच्या गाळ्यातल्या फर्निचरवाल्या दादांनी ३५च्या बीटने भोक पाडून दिलं, पैसे घेतले नाहीत, वर विचारलं हे काय दुसरीतल्या मुलाचं प्रोजेक्ट आहे का. पुस्तक एकच मागवलं, सुरुवातीपासून शिकवणारं, तेराशेला पडलं, पॅटर्न पूर्ण मापाचे आहेत असं लिहिलंय. एक डिजिटल अंक घेतला, त्यात खरंच भोपळे आहेत पण एक झाकणाचा डबा मस्त आहे. उरलेल्यात मोजायला पट्टीऐवजी व्हर्निअर घेतलं आणि पाती.

आणि फणसकाका, मेन रोडवरून पाच छाप आणले. लक्ष्मीची पावलं काल ए३ करून आणली तर लक्षात आलं की डावं पाऊल उजव्यापेक्षा चांगलं अर्ध्या सेंटिमीटरने मोठं आहे, झेरॉक्सने नाही, छापातच. आता दोन्ही सारखी करून घेऊ का?

कोकणी फणस:

एकच पाऊल ट्रेस करून उलटं ठेवा म्हणजे दुसरं तयार. पण मी असतो तर तसंच ठेवलं असतं. पुढचं पाऊल मोठंच दिसतं, ती आत येतेय ना.