अनुभव धागा: गोंदण, टॅटू आणि नंतरचे पंधरा दिवस

संगममाहुली:
काल पोवई नाक्याजवळ रक्तदान शिबिर होतं. माझ्या पुढे विशी-बाविशीचा पोरगा. बाही वर सारली तर दंडावर नवाकोरा वाघ, कडेची लाली अजून गेलेली नाही. डॉक्टरांनी विचारलं कधी काढला, म्हणाला मागच्या महिन्यात. "मग वर्षानं या." बिचारा फॉर्म धरून तसाच उभा. बरोबरचे मित्र "वाघ परत चालला रे" म्हणून खिदळायला लागले.

माझा नंबर आला, तोच प्रश्न. टॅटू? मी आपलं नाही म्हणून मोकळी. मग हात पुढे केला तर मनगटाच्या वर तीन ठिपके आणि खाली पुसट तुळस. डॉक्टर म्हणाले, "हे काय मग?" म्हटलं, "हे गोंदण आहे हो." ते हसले. खरं सांगते, तोवर माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं की ते आणि हे एकच.

पालीच्या जत्रेतलं आहे. मी तिसरीत. सगळीकडे भंडारा उधळलेला, माणसं पिवळी, गाढवंसुद्धा पिवळी. गोंदणारी बाई पोत्यावर बसलेली, तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, करवंटीत काळं. आजीनं मला मांडीत दाबून धरलं आणि तोंडात बत्तासा कोंबला. तुळस होईपर्यंत चार बत्तासे संपले. घरी आल्यावर खोबरेल तेलात हळद, आठ दिवस. "खपली काढलीस तर तुळशीचं पान जाईल" हा धाक. मी काढलीच. एक पान नाहीच आहे.

भाच्यानं गेल्या वर्षी स्टुडिओत काढून घेतला, त्यांनीही छापील कागदावर हेच दिलं: खपली काढू नका.

तर लिहा तुमचंही. गोंदण, टॅटू काहीही चालेल. दुखलं किती, नंतर काय केलं, काय फसलं. उपदेश नको, अनुभव हवेत.

कृष्णाकाठ:
ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना एवढं बास.
पोटरीवर टॅटू काढून चौथा दिवस आणि गल्लीत पाणी. पहिल्या दिवशी घोटा, संध्याकाळी गुडघा. आयर्विन पुलापाशी ५७ फूट गेलं त्या वेळी आम्ही माडीवर. त्याआधी आजीला उचलून शेजारच्यांच्या गच्चीवर न्यायचं होतं. पायाला दुधाच्या पिशव्या गुंडाळल्या, वर चिकटपट्टी. हसू नका. चार पावलांत पिशवीत पाणी. आणि ते पाणी कसलं होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.
तिसऱ्या दिवशी पाय लाल, गरम, हात लावू देईना. मग पू, मग ताप. डॉक्टरांकडं पोचायलाच दोन दिवस. सात दिवस गोळ्या. वाचलं सगळं, पण टॅटूचा एक कोपरा गेला तो गेलाच.
काय काढलं होतं विचारा.

माणदेशी_माणूस:
काय काढलं होतं

कृष्णाकाठ:
नांगर. शेतातला न्हवं, जहाजाचा. आता एक बाजू उडाल्यामुळं मासे धरायचा गळ दिसतो.

माणदेशी_माणूस:
होडी काढायची की राव, कामाला तरी आली असती हाहाहा
आमच्याकडं प्यायला पाणी नाही आणि तुमच्याकडं टॅटू वाहून जातोय

रफार_गेला:
माझंही लिहितो, वडील इथं नाहीत तोवर.
पाठीवर राजमुद्रा. दोन बैठका, साडेपाच तास. पाठीच्या कण्यावर सुई आली की दातात टॉवेल. घरी येऊन बनियन काढलं, आई म्हणाली छान. वडील निवृत्त संस्कृत शिक्षक. जेवता जेवता उठले, चष्मा लावला, माझ्या मागे उभे राहून वाचायला लागले. प्रतिपच्चंद्रलेखेव... वर्धिष्णु... इथं थांबले. "रफार कुठाय?"
म्हटलं असेल तिथंच.
"वर्धिष्णुर्विश्ववंदिता. वि वर रफार. कुठाय?"
नव्हता. त्या दिवशी आमटीत मीठ होतं का नव्हतं काही कळलं नाही. महिनाभर वडील माझ्या पाठीशी बोलत होते, तोंडाशी नाही.
दीड महिन्यानं सगळं भरून आल्यावर जाऊन रफार घालून घेतला. आता बाकीची अक्षरं जरा विरलीत आणि रफार तेवढा काळाभोर.
सांगायचं एवढंच की आधी जो जांभळा छाप उठवतात ना कातडीवर, तो पुसता येतो. तेव्हाच दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. आरशात बघून उपयोग नाही, उलटं दिसतं. मोबाइलमध्ये फोटो काढून वाचा.

संगममाहुली:
@रफार_गेला वडिलांना साष्टांग नमस्कार सांगा. "पाठीशी बोलत होते" वाचून चहा सांडला.

वाईकर_सून:
सासूबाईंचं सांगते. त्यांच्या डाव्या हातावर मामंजींचं नाव गोंदलेलं आहे. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही पद्धत त्यांनी अजून पाळलीय. मागं रेशनकार्डाच्या कामाला मी त्यांना घेऊन गेले. मला खिडकीपाशी पोचायला उशीर झाला. आतला माणूस विचारतोय, आजी पतीचं नाव? पतीचं नाव सांगा. ह्या गप्प. मागं रांग ओरडायला लागली. मग ह्यांनी पदर सावरला, बांगड्या वर सरकवल्या आणि खिडकीतून हातच आत घातला. त्या माणसानं वाचून लिहून घेतलं!
मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली. अंघोळीला त्या हाताला साबण जरा जास्तच लावतात असं मला वाटतं. कुकर झालाय, येते नंतर.

घोरपडे_काकू_नाही:
ई किती गोड

दवाखान्यातली:
त्वचारोगाच्या ओपीडीत नर्स आहे, मिरज. उपदेश नको म्हणालात म्हणून आठवडाभरात जे बघितलं तेच लिहिते.
एक पोरगा आला, टॅटूवर सांगलीची हळद, खोबरेल तेल आणि वरून कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट. पेस्ट. का ते त्यालाच माहीत.
एक मुलगी रडत आली की रंग निघून चाललाय, टॉवेलला काळे तुकडे लागतात. तिला काहीच झालं नव्हतं. शाई कातडीच्या दुसऱ्या थरात असते, वरचा थर सुईनं फाटलेला असतो तो सोलून पडतो. उन्हात भाजल्यावर सालं निघतात तसंच. खाली रंग जागेवर असतो. थोडे दिवस चकाकी येते, धुरकट दिसतं, मग नीट होतं.
स्वच्छ हात, साधा साबण, कोमट पाणी, टिपून कोरडं, मलम अगदी पातळ. लोक वड्यावर चटणी थापतात तसं थापतात, मग खाली ओल राहते आणि घोळ होतो. पोहणं दोन-तीन आठवडे बंद. लाली वाढत गेली, गरम लागलं, ताप आला तर गुगल नको, डॉक्टर.
हळद स्वयंपाकघरातली असते, तिच्यात माती, भेसळ काय काय असतं. उघड्या जखमेवर नको.

हळदबाजार:
ओ ताई, हळदीला नावं ठेवू नका. २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आमच्या हळदीला.

दवाखान्यातली:
नावं ठेवत नाही दादा. आमटीत घाला की, कोण नको म्हणतंय.

संगममाहुली:
@दवाखान्यातली आणि जत्रेतली सुई? आम्ही त्या दिवशी सात-आठ पोरी होतो ओळीनं. सुया त्याच, करवंटी तीच. काल डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिल्यांदा पोटात गोळा आला.

दवाखान्यातली:
भीती आहेच. एकाचं रक्त दुसऱ्याला म्हणजे काविळीचे बी, सी प्रकार, एचआयव्ही. तुमचं जुनं आहे, तरी मनात असेल तर एकदा रक्त तपासून घ्या, साधी तपासणी आहे. आजही जत्रेत बॅटरीवरचं मशीन घेऊन बसतात, फडक्याला पुसलं की पुढचा हात. सुईचं पाकीट तुमच्या समोर फोडलं नाही तर उठून या.

माणदेशी_माणूस:
म्हसवडच्या जत्रंत मी त्याच मशीनवर काढलंय. पन्नास रुपये. एका मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर. मोटारीचा आवाज असा की बैलगाड्यांच्या शर्यतीपेक्षा जास्त. पुढं लग्न दुसरीकडं ठरलं. बायकूला सांगितलं आईचं नाव हाय. आईचं नाव त्या अक्षरावरनं नाही हे तिला साखरपुड्यापासनं माहीत.

वाईकर_सून:
मग??

माणदेशी_माणूस:
मग काय, आता तिथं गुलाब हाय. बायकू येताजाता विचारते, गुलाबाला पाणी घातलं का.

फौजी_गाव:
अपशिंग्याचा आहे. आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की भरतीचं बोलणं सुरू. मी अकरावीत मानेखाली वेल काढली, हिरवी पानं, काळा देठ. तालमीतल्या सगळ्यांनी वाहवा केली. पुढं एका माजी सुभेदार काकांनी बघितलं आणि डोक्याला हात लावला. फौजेत टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागं चालतो, बाकी कुठं नाही. आदिवासी समाजाच्या पारंपरिक गोंदणाला वेगळी सूट आहे, ती आपल्याला नाही.
मग लेसर. सहा ते आठ आठवड्यांनी एकदा. तापलेल्या तेलाचे थेंब उडतात ना फोडणीला, तसं, पण न थांबता. आणि जळक्या केसांचा वास. देठ पाच वेळात गेला, पानं काही जाईनात. काळं लवकर जातं, हिरवं चिवट असतं हे मला पैसे भरल्यावर समजलं. काढायला जेवढे गेले त्याच्या कितीतरी पट घालवायला गेले, वडिलांनी म्हैस विकली ते इथं लिहितो, घरात बोलत नाही आम्ही त्यावर.

कृष्णाकाठ:
भरतीचं काय झालं भावा

फौजी_गाव:
वय निघून गेलं पानांच्या नादात. आता अकॅडमीत पोरांना पळवतो. पहिल्या दिवशी सगळ्यांचे शर्ट काढायला लावतो.

तासगाव_बाग:
माझा टॅटू ऑक्टोबर छाटणीनंतर काढला, म्हणजे अक्कल बघा. त्यानं सांगितलं ऊन नको, घाम नको, धूळ नको. म्हटलं मग बागेत कोण जाणार, तू? औषध मारायचं म्हणजे पूर्ण बाह्यांचा शर्ट, आत घाम, बाहेर मोरचूद-चुन्याचं पाणी. संध्याकाळी शर्ट काढायला गेलो तर बाहीच चिकटलेली. ओढली. आई गं. द्राक्षाची वेल काढली होती त्यातला अर्धा घड बाहीवर आला. दुसऱ्या दिवसापासनं शहाणा झालो, आधी बाही भिजवायची, मग हळूच सोडवायची. आणि बाबांचं जुनं मलमलीचं धोतर फाडून सैल गुंडाळायचं.

द्राक्षप्रेमी_कवठे:
द्राक्षावर दावण्या रोग आलाय का तुमच्याकडं? आमच्याकडं परवाच्या पावसानं खालच्या पानांवर दिसायला लागलाय

तासगाव_बाग:
हाय थोडा. सकाळी पानं उलटी करून बघा, पांढरं दिसलं की त्याच दिवशी फवारा, उद्यावर टाकू नका. फोन करतो रात्री.

संगममाहुली:
धागा टॅटूचा आहे मंडळी...

द्राक्षप्रेमी_कवठे:
वेलीवरचाच विषय हाय की ताई

नवखी_कराड:
पुढच्या शनिवारी काढायला जाणार होते, हे सगळं वाचून हात थंड पडले. मनगटाच्या आत खूप दुखतं का?

रफार_गेला:
हाड जवळ तिथं जास्त दुखतं. जेवून जा, उपाशी गेलीस की चक्कर येते. खाज सुटली की नखं लावू नकोस, वरून थोपट. आणि अक्षरं असतील तर आमच्या वडिलांना पाठव, फुकट तपासून देतील.

वाईकर_सून:
आले परत. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "त्या तुळशीचं पान गेलंय तिला म्हणावं, आमच्याकडे ये, मी काढून देते." त्यांनी लहानपणी आईबरोबर पुष्कळ जणींना गोंदलंय म्हणे! इतकी वर्षं घरात आहे मी, मला आज कळतंय.

संगममाहुली:
डोळ्यांत पाणी आलं. सुई नवी आणेन म्हणावं.

कृष्णाकाठ:
बाकी ते राहूद्या, काल रक्त दिलं का नाही शेवटी?

संगममाहुली:
नाही. गोंदणाला हरकत नव्हती, इतकं जुनं म्हणाले चालतं. हिमोग्लोबिन ११.६ निघालं, साडेबारा लागतं. मी आणि तो वाघवाला, दोघंही मंडपाच्या बाहेर एकाच बाकावर. बिस्किटाचा पुडा मात्र दोघांनाही दिला.