घड्याळ लावून काढलेलं चित्र खोटं असतं का?

मृण्मयी
परवा एकांनी लिहिलं होतं की आर्ट थेरपी, म्हणजे चित्रांच्या मदतीने मनावर उपचार करणं, शिकवणाऱ्या वर्गांत विषय देऊन, घड्याळ लावून विद्यार्थ्यांकडून चित्रं काढून घेतात. आतून आल्याशिवाय काढलेलं चित्र खोटं, हा निव्वळ छळ आहे, असं त्यांचं म्हणणं. खाली "अगदी खरं"ची रांग लागली. मी याच शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ते वाचून फार लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

दर गुरुवारी विषय मिळतो, २० मिनिटं मिळतात. मग सगळे कागद जमिनीवर मांडून बोलायचं. जूनमध्ये विषय होता ‘घराचं दार’. मला काही सुचेना. शेवटी नुसती कडी काढली आणि तेलखडूने ती एवढी घोटली की कागदाचा भुगा निघायला लागला. शेजारच्या मुलीने विचारलं, "कडी आतून आहे की बाहेरून?" बाबा चिडले की मला गॅलरीत उभं करून आतून कडी लावायचे. हे मी विसरले नव्हतेच, पण माझ्या हातात एवढी ताकद त्यासाठी साठलेली असेल असं वाटलं नव्हतं. या चित्राला खोटं कसं म्हणू?

आणि पेशंट तरी कधी काढतो? मंगळवारी अकराला, कारण त्याला वेळ तीच दिलेली असते. आमच्याकडे अर्धांगवायू झालेले एक आजोबा येतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, मला येत नाही." आधीची मी असते तर म्हणाले असते, "काहीही काढा." पण कोऱ्या कागदासमोर बसल्यावर ‘काहीही’ ऐकून पोटात कसा गोळा येतो, ते मला गुरुवारांनी शिकवलंय. मी एक वाकडी रेघ मारली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. विनिकॉट हे ब्रिटिश मनोविश्लेषक मुलांबरोबर हाच रेघोट्यांचा खेळ खेळायचे. आजोबांनी डाव्या हाताने रेघेला शेपूट लावलं. म्हणाले, "बैल."

अबोली
तुमची कडी निघाली, चांगलं झालं. आता माझं ऐका. माझा भाऊ गेला त्याला तीन आठवडे झाले होते आणि वर्गात विषय आला ‘गमावलेलं’. मी म्हटलं, मला आज नको. बाईंनी शांतपणे सांगितलं की सहभागाचे गुण आहेत. मी सूर्यास्त काढला. केशरी, जांभळा, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब. सगळ्यांना तो खूप ‘भिडला’. त्यात माझा भाऊ कुठेच नव्हता. मी त्याला त्यांच्यापासून लपवला होता. सहा महिन्यांनी मी ते शिक्षण सोडलं.

पेशंट नाही म्हणू शकतो. विद्यार्थी नाही म्हणाला की गुण जातात. हा फरक तुम्ही सोयीस्करपणे गाळलात.

कलाशिक्षक, सातारा (निवृत्त)
३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आतून येण्याची वाट बघत बसलो असतो तर एकाही पोराने वही उघडली नसती. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांत स्मरणचित्राचा, म्हणजे आठवून काढायच्या चित्राचा, विषय जागेवरच कळतो. ‘आठवड्याचा बाजार’ म्हटल्यावर पोरं आपली आजी काढायची, तिच्या हातातली पिशवी काढायची. दुःख खरं आहे अबोलीताई, पण शिस्तीशिवाय हात तयार होत नाही. आता तर चित्रकलेचा तासच गणिताला देऊन टाकतात, त्यावर कोणी लिहीत नाही.

निखिल_७९
सर, राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या सरांनी तीन आकृत्या पाठ करून घेतल्या होत्या: कमरेवर घागर घेतलेली बाई, सायकलवाला, पाठमोरा मुलगा. विषय बाजार असो की जत्रा, तेच तिघे. मला ए ग्रेड मिळाली. त्यानंतर आजतागायत मी ब्रश हातात धरलेला नाही. याला स्मरणचित्र म्हणतात?

कलाशिक्षक, सातारा (निवृत्त)
ए ग्रेड घेताना बरी नाही आठवली ही तक्रार! एका वर्गात साठ पोरं, कागद घरून आणायचा, रंग निम्म्यांकडे नाहीत. तुम्ही एक दिवस उभे राहून दाखवा तिथे.

निखिल_७९
मी चौदा वर्षांचा होतो, सर. मी कसली तक्रार करणार होतो?

डहाणूची
परीक्षेवरून भांडणं पुरे. आमच्याकडे वारल्यांच्या लग्नात चौक, म्हणजे भिंतीवरचं देवीचं चौकोनी चित्र, लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. सवाशिणी ठरलेल्या दिवशी भिंतीपुढे बसतात, तांदळाच्या पिठाने पालघाट देवी लिहितात. आज मूड आहे का, असं त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून तो चौक खोटा? वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंनी लग्नाशिवाय, रोजच्या रोज चित्रं काढायला घेतली ती १९७०च्या दशकात. मनात येईल तेव्हा काढणं, हीच तिथे नवी गोष्ट होती.

अबोली
चौकाशेजारी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गात असते. चार हात एका भिंतीवर चालत असतात. चौक झाल्यावर तो लिहिणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही, "हे काढताना तुला काय वाटलं?" मला चित्र काढायला लावलं याचा राग नाही. काढल्यावर ते सगळ्यांसमोर उलगडायला लावलं, त्यावर गुण ठेवले, त्याचा राग आहे.

वॉर्डातली ताई
मुलांच्या कॅन्सर वॉर्डात काम करते, थोडक्यात लिहिते. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार दुसऱ्या महायुद्धात तेरेझिनच्या नाझी छावणीत मुलांना चित्रकला शिकवायच्या. विषय द्यायच्या, ताल धरून रेघा ओढायला लावायच्या, थोरांची चित्रं समोर ठेवून काम करून घ्यायच्या. म्हणजे सांगून काढून घेतलेलीच चित्रं. १९४४ साली त्यांना आउशवित्झला नेऊन मारलं. मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये मागे राहिली. प्राग शहरात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या ईडिथ क्रेमर पुढे न्यूयॉर्कमध्ये आर्ट थेरपीच्या पहिल्या पिढीत गणल्या गेल्या. थेरपिस्टच्या ‘तिसऱ्या हाता’ची कल्पना त्यांचीच: चित्र काढणाऱ्याला मदत करायची, पण त्याचं चित्र आपलं करायचं नाही. अबोलीच्या बाईंकडे तो तिसरा हात नव्हता. विषय देण्यात माझ्या मते काही चूक नाही.

मृण्मयी
विषय आणि वेळ यावर मी ठाम आहे. गुणांचा मुद्दा मला मान्य करावा लागतोय, आणि ते जड जातंय. मी उत्तर लिहायला बसले होते की आमच्याकडे ‘आज नाही’ म्हणायची मुभा आहे, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग आठवून पाहिलं. दीड वर्षात चौदा जणांपैकी एकानेही ती वापरलेली नाही.

अबोली
मग ती मुभा कागदावरच आहे. हे वर्गात मोठ्याने बोला, इथे बोलून काय उपयोग?

मृण्मयी
गुरुवारी बोलते.

कलाशिक्षक, सातारा (निवृत्त)
निखिल, रात्रभर तुमचं वाक्य डोक्यात होतं. स्मरणचित्राबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण एका वर्षी शाळेचा निकाल पडला होता, तेव्हा पुढच्या वर्षी मीही आकृत्या पाठ करून घेतल्या होत्या. तीन नाही, पाच.